अमरसिंहाचे सव्वीस अभिप्राय

सोमवारी सकाळी दहा वीसला बँकेच्या अण्णा नगर शाखेतला फोन वाजला आणि सोलापूरहून एका बाईने सुनीतीचे आभार मानले. बँकेच्या फोनवर सहसा कोणी आभार मानत नाही. सुनीती सावध झाली.

"मी ऊर्मी. कॉलेजात शिकवते. तुमच्या ब्लॉगवरून शाखा कळली, मग नंबर शोधला. मामा-मामींना आत्ताच गाडीत बसवून आले. तुमच्यामुळे फार मोठं काम झालं हो, मॅडम."

"माझ्यामुळे?"

"अहो, अमरसिंह! तुमचा माणूस. उद्या पहाटे सेंट्रलला घ्यायला येणार आहे ना तो? तेवढं एकदा विचारावं म्हटलं."

समोर उभ्या असलेल्या गृहस्थाचं पासबुक सुनीतीने नोंद न करताच त्याला परत दिलं. तो ते घेऊन निघून गेला. सरकारी बँकेत असं होतं, हे त्याला ठाऊक असावं.

ऊर्मीने सगळं नीट सांगितलं. मामा म्हणजे वसंतराव, बार्शीचे, वय एकसष्ट. हृदयाची झडप बदलायची होती. चेन्नईच्या मोठ्या हॉस्पिटलात चार महिने पत्रव्यवहार करून तारीख मिळाली होती. मंगळवारी सकाळी आठच्या आत काउंटरवर हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या माणसाला जाते आणि नवी तारीख डिसेंबरात. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले होते, दिवाळीपर्यंत थांबू नका. तेव्हा ऑगस्ट चालला होता, सन २००७. मामींना, म्हणजे सईबाईंना, बार्शीबाहेरचं फारसं काही माहीत नव्हतं. म्हणून ऊर्मीने सायबर कॅफेत बसून मराठीत शोधलं, चेन्नईत रुग्णांना मदत कोण करतं. पहिलंच नाव अमरसिंहाचं आलं.

"मी त्याच्या पानावर गेले, मग तुमच्या. तुमच्या प्रत्येक लेखाखाली तो आहे. तुम्ही त्याला उत्तरंही दिलीत. म्हटलं, एवढी जुनी ओळख आहे म्हणजे माणूस खात्रीचा."

सुनीती म्हणाली, "मामांचा मोबाईल नंबर द्या."

"आहे, पण रोमिंग घेतलेलं नाही. एस सात, बर्थ नऊ आणि दहा. हिरवी पत्र्याची ट्रंक आहे, वर पांढऱ्या रंगात बार्शी लिहिलंय. काही काळजीचं नाही ना?"

"नाही, नाही," सुनीती म्हणाली. खरं तर तिला काहीच माहीत नव्हतं. अमरसिंहाला तिने आजवर पाहिलेलं नव्हतं.

*

सुनीती सहा वर्षांपूर्वी बदलीवर चेन्नईला आली. नवरा गजेंद्र चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात होता, त्यामुळे बँकेने उपकार केले असं दोघं मानत. पहिल्या वर्षी तिला जे जे अडलं ते तिने लिहायला सुरुवात केली: जाड पोहे कुठे मिळतात, गॅसचं कनेक्शन बदलायला कुठल्या रांगेत उभं राहायचं, रिक्षावाल्याशी भांडताना कुठल्या वाक्याला थांबायचं. ब्लॉगचं नाव 'चेन्नईत नवे आहात?' रोज साठ-सत्तर माणसं वाचत. मराठी ब्लॉगांच्या तेव्हाच्या जगात ही गर्दी होती.

या जगात त्या वर्षी एकच वाद पेटला होता. ब्लॉगवर कोणी अभिप्राय लिहिला की त्याच्या नावाला त्याच्या स्वतःच्या पानाची लिंक लागते. सर्च इंजिन अशा लिंका मोजतं. जितक्या जास्त, तितकं ते पान यादीत वर. फुकट जाहिरात करणाऱ्यांनी, म्हणजे फुकट्यांनी, याचाही धंदा केला, तेव्हा ब्लॉग चालवणाऱ्या कंपन्यांनी अभिप्रायातल्या लिंकेत 'नोफॉलो' असा एक शब्द आतून घालायला सुरुवात केली. म्हणजे माणसांनी त्या लिंकेवर खुशाल जावं, पण सर्च इंजिनाने ती मोजू नये. सुनीतीने ब्लॉगच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे आतल्या साच्यात, शिरून तो शब्द काढून टाकला आणि ब्लॉगवाल्यांच्या ई-मेल गटात तसं जाहीरही केलं.

"इंग्रजीत कोट्यवधी पानं आहेत," तिने लिहिलं, "तिथे लिंक मोजली काय, न मोजली काय. मराठीत काही शोधलं तर सगळी मिळून चार पानं निघतात. वाचून दोन शब्द लिहिणाऱ्याला आपण एवढंही द्यायचं नाही? न मोजण्याचं काम सगळं जग करतंच आहे."

एकोणतीस जणांनी तिला पाठिंबा दिला. विरोध केला एकट्या चंद्रमौळीरावांनी. हे तंजावरकडचे मराठी. त्यांच्या घराण्याला तमिळ मुलखात सव्वातीनशे वर्षं झाली होती. बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त होऊन ते सुनीतीच्या दोन गल्ल्या पलीकडे राहत. त्यांची मराठी तिकडे टिकून राहिलेली, जुनी आणि ताठ.

"सुनीतीबाई, ओळख देणाऱ्याच्या सहीवांचून तुम्ही बँकेंत खातें उघडतां कां?"

"ते वेगळं आहे. तिथे पैसे असतात."

"येथें माणसें असतात."

"तुमचं आपलं काहीतरीच!"

चंद्रमौळीराव स्वतः तंजावरी मराठीचा शब्दकोश इंटरनेटवर लिहीत होते. 'तंजावरी शब्द' असं शोधलं की तो पहिला येई. तो पहिला येई, कारण सुनीतीच्या लेखांखाली चंद्रमौळीरावांनी आजवर तीनशेच्या वर चुका दाखवल्या होत्या आणि प्रत्येक चुकीला त्यांची लिंक होती. हे दोघांनाही माहीत होतं. वादात मात्र त्याचा उल्लेख कोणीच केला नाही.

अमरसिंह आला तो जून २००६ मध्ये, रिक्षावाल्यांवरच्या एका तिरकस लेखाखाली. "आपला लेख वाचून डोळ्यांत पाणी आलं. असंच लिहीत राहा." लेखात डोळ्यांत पाणी येण्यासारखं काही नव्हतं, पण सुनीतीच्या मनाला ते भिडलं. औषधांचे आणि कर्जांचे इंग्रजी फुकटे अभिप्राय ती न छापता रोखून ठेवत असे. मराठीतही फुकटा अभिप्राय असू शकतो, ही कल्पनाच तिला शिवली नाही. जिथे खरा वाचक मिळायची मारामार, तिथे खोटा वाचक कोण पाठवेल? तिने उत्तर दिलं, "अमरसिंहजी, तुमच्यासारख्यांमुळेच ही जागा जिवंत आहे."

तेव्हापासून तो एकूण सव्वीस वेळा आला.

*

साडेदहाला तिने त्याच्या पानावरच्या नंबरला फोन लावला.

"सुनीती मॅडम! अहो, काय भाग्य माझं." आवाज घरच्यासारखा, सातारकडचा. "तुमच्यामुळे तर आमचं काम चालतं."

"बार्शीचे वसंतराव उद्या येतायत. त्यांना आठच्या आत हॉस्पिटलला पोचवाल ना?"

"पोचवणार की. आधी लॉजवर अंघोळ-पाणी. मग आपल्या ओळखीच्या लॅबमध्ये ताज्या टेस्ट. गुरुवारी, फार तर शुक्रवारी, हॉस्पिटल."

"तारीख उद्याची आहे!"

"तारखा मिळतात, मॅडम. बावीस पेशंट केलेत मी. तुम्ही बिनधास्त राहा."

सुनीतीने हॉस्पिटलला फोन केला. सात मिनिटं वाद्यसंगीत ऐकल्यावर एक बाई बोलली. बाहेरच्या टेस्ट चालत नाहीत, सगळ्या इथेच होतात. आठ म्हणजे आठ. तिने पुन्हा अमरसिंहाला फोन लावला. मोबाईल बंद होता. जेवणाच्या सुट्टीत लावला, बंद. तीन वाजता लावला, बंद. साडेतीनला कॅशियरने विचारलं, "मॅडम, बरं नाही का?" तेव्हा ती त्याच एका चेकवर चौथ्यांदा शिक्का मारत होती.

संध्याकाळी ती थेट चंद्रमौळीरावांकडे गेली. चप्पल दारात काढली, एक काढायची राहिली ती आत आल्यावर काढली, आणि सगळं सांगितलं. वर म्हणाली, "तुमचा नोफॉलो आत्ता घालू या. या क्षणी. त्याचं पान खाली जाऊ दे."

"अय्यो, सुनीतीबाई. आज घातला तर सर्च इंजिन तें केव्हां पाहील? आठवड्यानें, महिन्यानें. आणि तुमचे बार्शीकर गाडींत बसले आहेत. त्यांनी पान आधींच पाहिलें."

"मग काय उपयोग?"

"उद्यांपुरता कांहीं नाहीं." त्यांनी चष्मा पुसला. "एक सांगा. तुम्ही अभिप्राय आधीं तपासून मग छापतां नव्हें? जे नाहीं छापले ते कोठें आहेत?"

ते तिथेच होते. ब्लॉगच्या आतल्या खान्यात, एकशे चौदा, रोखून ठेवलेले. सुनीतीने चंद्रमौळीरावांच्या संगणकावर पासवर्ड घालून ते उघडले. बहुतेक औषधांचे होते. मधेच एक मराठी निघाला, एप्रिलमधला. नाव नाही, लिंक नाही. एका दमात लिहिलेला:

"तुमचा तो अमरसिंह भावाला तीन दिवस लॉजवर ठेवला लॅबला नेला परत नेला तारीख गेली. कमिशन खातो. तुम्हाला पण मिळत असेल. लाज वाटू द्या."

सुनीतीला तो आठवला. तिने तो वाचला होता. भाषा बरी नव्हती, नाव नव्हतं, आरोपाला पुरावा नव्हता, म्हणून तिने तो थांबवला होता. त्याच दिवशी, पाच मिनिटांनी, अमरसिंहाचा एकोणिसावा अभिप्राय तिने छापला. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

चंद्रमौळीरावांनी तो अभिप्राय पुन्हा वाचला. सुनीती वाट बघत होती, की ते आता म्हणतील, मीं सांगत होतों. ते म्हणाले, "कापी घेतां?"

"भाऊ कुठला, त्याचं पुढे काय झालं, काहीच लिहिलेलं नाही."

"लिहिलें असतें तर तुम्ही छापलें असतें कां?"

सुनीतीने कॉफी घेतली नाही.

*

गजेंद्रने दोन उपाय सुचवले. पहिला, गाडीतल्या टीसीकडून निरोप द्यायचा. रेल्वेचे तीन नंबर लावले. दोन लागले नाहीत, तिसऱ्यावर एक साहेब म्हणाले, "निरोपाची सोय नाही, अपघात असेल तर सांगा." दुसरा उपाय म्हणजे स्वतः जायचं.

"गाडी चार पन्नासची आहे," गजेंद्र म्हणाला. "पण इतकी वर्षं बघतोय, पाच वीसच्या आधी ती आलेली नाही. पावणेपाचला निघू."

"साडेतीनला निघायचं."

"साडेतीनला तिथे जाऊन काय करणार? झाडलोट?"

शेवटी चारला निघायचं ठरलं. निघाले चार वीसला, कारण स्कूटर सुरू होईना. गजेंद्र रणगाड्यांच्या कारखान्यात इंजिनं तपासत असे, म्हणून घरची स्कूटर तो कोणाला दाखवत नसे. पूनमल्ली हायरोडवर ती मोकळ्या रस्त्यात पळाली. सेंट्रलला पोचले तेव्हा स्टेशनच्या घड्याळात चार त्रेपन्न झाले होते आणि गाडी आलेली होती. वेळेच्या दहा मिनिटं आधीच.

"अशक्य," गजेंद्र म्हणाला.

सुनीती पळत सुटली. सेहेचाळिसाव्या वर्षी, साडीत, उलट्या दिशेने येणाऱ्या एका सबंध गाडीच्या माणसांतून. एस सातच्या दारात झाडूवाला उभा होता. आत नऊ आणि दहा नंबरचे बर्थ रिकामे. खाली इडलीच्या डब्याचं केळीचं पान पडलं होतं.

"हिरवी पेटी? वयस्कर माणसं?" तिने तमिळमध्ये विचारलं.

"उतरले, अम्मा. त्यांचा माणूस होता बरोबर. अरकोणमला चढला."

तो स्टेशनवर थांबलाच नव्हता. तासभर आधी गाडीत चढून त्यांच्यासमोर बसला होता. सुनीतीला वाटलं संपलं. तेवढ्या वेळात माणूस घरचा होतो.

त्या पहाटे तिच्या बाजूने एकच गोष्ट होती आणि ती म्हणजे वसंतरावांची बिघडलेली झडप. त्यांना भरभर चालता येत नव्हतं. फलाटाच्या टोकाशी, बाहेर पडायच्या दाराच्या अलीकडे, एक सडपातळ म्हातारा हिरव्या ट्रंकेवर बसून दम घेत होता. शेजारी सईबाई पदराने त्यांना वारा घालत होत्या. त्यांच्यामागे इस्त्रीच्या शर्टातला, चाळिशीचा, दोन मोबाईल खिशात असलेला एक माणूस हमालाशी तमिळमध्ये घासाघीस करत होता. त्याच्या काखेत वसंतरावांच्या कागदांची जाड निळी फाइल होती.

"सईबाई," सुनीती धापा टाकत म्हणाली, "मी सुनीती. यांच्याबरोबर जाऊ नका."

सईबाईंनी तिच्याकडे खालून वर पाहिलं. केस सुटलेले, साडीची निरी एका हातात.

"कोण सुनीती?"

"ब्लॉगवाली. ऊर्मीने मला फोन केला होता."

"अन् तुम्हीच त्या कशावरनं?"

सुनीतीने पर्समधून बँकेचं ओळखपत्र काढलं. ते इंग्रजीत होतं आणि त्यातला फोटो दहा वर्षांपूर्वीचा. सईबाईंनी तो पाहिला, तिला पाहिलं, आणि ओळखपत्र परत दिलं.

तेवढ्यात अमरसिंह वळला. "अरे, मॅडम!" त्याचा चेहरा खरोखर उजळला. "मामी, ह्याच त्या. आवाजावरनं ओळखलं मी. बघा, म्हटलं नव्हतं, आमच्या मॅडमची माणसं आहात तुम्ही? मॅडम स्वतः आल्या घ्यायला." आणि त्याने शर्टाच्या खिशातून ब्लॉगच्या पानाची घडी घातलेली रंगीत प्रत काढून सईबाईंपुढे धरला. तुमच्यासारख्यांमुळेच ही जागा जिवंत आहे. खाली सुनीतीचं नाव.

सईबाईंचा चेहरा सैल पडला. "असं होय. मग जाऊ नका कशाला म्हणाल्या?"

तिने त्याला खोटं पाडायला यावं आणि त्याने तिलाच दाखल्यासारखं पुढे करावं, याची तयारी तिने केली नव्हती.

"मी या माणसाला ओळखत नाही," ती म्हणाली.

"ते तुमच्या हातचं न्हाई का?"

"माझंच आहे. मी न ओळखता लिहिलं." ती वसंतरावांकडे वळली. "मामा, हे तुम्हाला आत्ता लॉजवर नेतील. मग लॅब. हॉस्पिटल गुरुवारी. तुमची तारीख आज आठची आहे. मी काल हॉस्पिटलला विचारलं, बाहेरच्या टेस्ट ते घेत नाहीत."

"मॅडमना आतलं माहीत नसतं," अमरसिंह शांतपणे म्हणाला. "त्या बँकेत असतात. तारीख मी वाढवून घेतो, काउंटरवर मला ओळखतात."

"एप्रिलमध्ये कोणाची तारीख गेली?" सुनीतीने विचारलं. "तीन दिवस लॉजवर कोणाचा भाऊ होता?"

अमरसिंह पहिल्यांदा थांबला. फार नाही. पण हमालाने तेवढ्यात डोक्यावरची चुंबळ काढून खांद्यावर टाकली.

गजेंद्र मागून येऊन पोचला आणि दाराच्या बाजूला उभा राहिला. घड्याळात पाच बारा झाले होते. सईबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. वसंतराव म्हणाले, "मला काय विचारतीस? मला दम लागलाय. तू बघ."

सईबाईंनी हात पुढे केला. "फाइल द्या."

"मामी, फाइल माझ्याकडे बरी. तिथे लगेच दाखवता येते."

"द्या की. मी कुठं पळून चालले?"

"अहो, कागद सुटे आहेत, गळतील..."

"चार महिने सांभाळलेत मी ते कागद," सईबाई म्हणाल्या. "बार्शीपास्नं इथवर गळले न्हाईत. द्या."

तो हसला, पण फाइल काखेतून निघेना. सईबाईंचा हात पुढे तसाच होता. दोन बाया आणि एक माणूस असे उभे राहिलेले पाहून रेल्वे पोलिसातला एक शिपाई लांबून सावकाश निघाला. अमरसिंहाने त्याच्याकडे पाहिलं, मग फाइल दिली. सईबाईंनी ती आधी उघडून पानं मोजली, मग छातीशी धरली.

"मला लबाड म्हणा," अमरसिंह सुनीतीला म्हणाला. आवाज चढला नव्हता. "लॉजवाला मला देतो, लॅबवाला देतो. खरंय. पण मॅडम, चौदा महिने मी रात्री एकला उठून अरकोणम गाठतो. इडली कुणाला चालते, कुणाला नाही, बघतो. तुमच्या गटात चाळीसेक माणसं आहेत ना? चेन्नईत निम्मी तरी असतील. एकजण आला या फलाटावर? तुम्ही आज आलात. पहिल्यांदा."

गजेंद्रने घड्याळाकडे पाहिलं.

"चला," सईबाई म्हणाल्या. "आठ वाजतील."

अमरसिंहाने हमालाला हाक मारली, ट्रंक उचलायला लावली आणि सवयीने त्याच्याशी दर पाडून घेतला. मग तो दुसऱ्या दाराने निघून गेला.

*

सात अठ्ठेचाळीसला वसंतरावांचं नाव वहीत चढलं. काउंटरवरच्या बाईने फाइल चाळली आणि सांगितलं की आठ पाचला ती पुढच्या माणसाला फोन करणार होती. चाकाची खुर्ची आली. आत नेताना वसंतरावांनी गजेंद्रला विचारलं, "तुम्ही सोलापूरचे का?" गजेंद्र भंडाऱ्याचा होता. तो म्हणाला, "हो." त्या माणसाला निदान तेवढं तरी घरचं वाटावं, असा हिशेब असेल.

सईबाई कॉरिडॉरमध्ये बसल्या.

"ताई," त्या म्हणाल्या, "त्या माणसाचं नाव तुमच्या पानावर आता ऱ्हाईल का?"

"नाही. काढते."

"काढाच. पण मग आमच्यासारखं कोण आलं तर? त्याला गाडीत घ्यायला कोण जाईल?" त्यांनी हे टोमण्याने विचारलं नाही. त्यांना उत्तर हवं होतं.

सुनीतीने चंद्रमौळीरावांना फोन लावला. ते पहिल्या रिंगलाच बोलले, म्हणजे संगणकासमोरच बसले होते.

"पोचले. वेळेत."

"बरें झालें. मग काढूं त्याचे सव्वीस?"

"काढा. आणि तो शब्द घाला, सगळ्यांनाच."

"माझाहि कोश जाईल." हे त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं.

"तुमचाही जाईल."

पलीकडे कळफलकाचा आवाज. "सेरी, बरें. घातला."

"तुमच्या कोशावर मी लेख लिहीन. लेखात मी स्वतः लिंक देईन, ती मोजली जाईल."

"कोश वाचला आहे कां तुम्ही?"

सुनीतीने खरं सांगितलं. "नाही. वाचून लिहीन."

"सातशें पानें आहेत," चंद्रमौळीराव म्हणाले. "सावकाश वाचा." आणि त्यांनी फोन ठेवला.

"आणि तो एप्रिलमधला छापा," असं सांगायचं राहिलं होतं. तिने पुन्हा फोन लावला. चंद्रमौळीराव म्हणाले, "तो तुम्ही छापा. तुमच्या हातानें."

साडेआठ झाले होते. शाखा उघडायला दीड तास होता. सुनीती उठली तसा समोरच्या बाकावरचा एक माणूसही अर्धवट उठला. पन्नाशीचा, दाढी वाढलेली, मांडीवर फाइल.

"मराठी ऐकलं म्हणून विचारतो," तो म्हणाला. "मी सत्यनारायण. नांदेडहून. अमरसिंह साहेब आज सकाळी येतो म्हणाले होते. तुम्ही पाहिलंत का?"

"तुमची तारीख कधीची होती?"

"शनिवारची. बायकोची आहे. ती लॉजवरच आहे, तिला जिना चढवत नाही. साहेब म्हणाले, नवी घेऊन देतो. फोन लागंना त्यांचा."

सुनीतीने काउंटरकडे पाहिलं. रांग वाढत होती. गजेंद्र लांबून घड्याळाकडे बोट दाखवत होता, कारण त्याची कारखान्याची बस कधीच निघून गेली होती.

"ते येणार नाहीत," ती म्हणाली. "फाइल द्या, मी रांगेत उभी राहते. मला तमिळ येतं."

सत्यनारायणने फाइल दोन्ही हातांनी जवळ ओढली. चार दिवसांत तो एवढं शिकला होता.

"आधी तुम्ही कोण ते सांगा," तो म्हणाला.

सुनीती त्याच्या शेजारी बसली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.